शाळेच्या टाकीत प्रवाळ वाढवायचे आहेत: न्यू जर्सी आणि रत्नागिरी, दोन्ही शाळांसाठी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी न्यू जर्सीत आठवीत आहे. तिच्या विज्ञानाच्या बाई वर्गात खाऱ्या पाण्याची टाकी लावून प्रवाळ वाढवायचा प्रकल्प घेताहेत. शाळेत 20 गॅलनची, म्हणजे साधारण 75 लिटरची, जुनी टाकी पडून आहे आणि मे महिन्यात प्रदर्शन आहे. तुमच्या वहिनी रत्नागिरीत माध्यमिक शाळेत शिकवतात. त्यांनाही नववीच्या मुलांकडून हेच करून घ्यायचंय आणि दोन्ही शाळांनी एकमेकींना आकडे पाठवावेत अशी कल्पना आहे. टाकीत काय ठेवायचं, कधी सुरुवात करायची, आणि रत्नागिरीत प्रवाळ आणायचे कुठून?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात चूक झाली तर शाळा अडचणीत येईल. रत्नागिरीत प्रवाळ आणायचेच नाहीत. दुकानातून नाही, किनाऱ्याच्या खडपावरून तर नाहीच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आहेत, शिवाय काळे प्रवाळ, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि अग्निप्रवाळही. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. तोडणं, बाळगणं, विकणं, सगळाच गुन्हा आणि शिक्षा 3 ते 7 वर्षं कैदेची. किनाऱ्यावर वाहून आलेले मेलेले पांढरे तुकडे उचलून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवणंही यातच येतं. मुंबई-पुण्याच्या काही मत्स्यालयांच्या दुकानांत जिवंत प्रवाळ दिसतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत. मुंबईत सागरी किनारा रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळ-वसाहती हलवायला महापालिकेलाही वन विभागाची परवानगी काढावी लागली होती, आणि ते काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली झालं. अमेरिकेतून तुकडे पाठवायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. कठीण प्रवाळांची देशाबाहेरची ने-आण साइट्स या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या परवान्याशिवाय होत नाही.

म्हणून वहिनींचा प्रकल्प वाया गेला असं मात्र समजू नका. त्यांच्या मुलांना करता येईल असा एक भाग या प्रकल्पात आहे, जो न्यू जर्सीच्या मुलांना प्रवाळावर करताच येणार नाही. त्याकडे येतो, पण आधी टाकी.

पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रक. शाळा सप्टेंबरात सुरू होते, मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात "प्रवाळ कधी येणार?" आणि शिक्षक उत्साहाने ऑक्टोबरात आणून मोकळे होतात. तसं करू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर पाण्याचे, नोव्हेंबर शेवाळाचा, प्रवाळ डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा नाताळची सुट्टी संपल्यावर जानेवारीत, आणि मोजमाप फेब्रुवारी ते मे. टाकीतला प्रवाळ मरतो तो बहुतेक वेळा पाणी तयार व्हायच्या आधी आणला म्हणून.

पाणी तयार होणं म्हणजे काय, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या, कारण प्रकल्पाचा पहिला आलेख इथेच मिळतो. नळाचं पाणी वापरायचं नाही. त्यात क्लोरामाइन असू शकतं, आणि जुन्या इमारतीच्या नळांतून येणारं तांबं तर अपृष्ठवंशी प्राण्यांना फार थोड्या मात्रेतही मारतं. आर.ओ. आणि त्यापुढे डीआयोनायझेशन केलेलं, म्हणजे उरलेसुरले क्षारही काढलेलं, पाणी घ्यायचं. त्यात रीफसाठीचं, म्हणजे प्रवाळखडकाच्या टाकीसाठीचं, समुद्री मीठ घालायचं, लिटरला साधारण 36 ते 38 ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण ते नुसतं सोडियम क्लोराइड. प्रवाळाला कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळं हवं. बादलीत पंप लावून किमान काही तास ढवळायचं आणि मग रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता बघायची: हजारी 35. रिफ्रॅक्टोमीटर कॅलिब्रेट करायचा तो 35 क्षारतेच्या प्रमाण द्रावणाने. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवून थांबलात तर वरच्या टोकाला आकडा चुकू शकतो.

खडक सुके घ्या. जिवंत खडकाबरोबर काय काय जीव वर्गात येतील सांगता येत नाही. मग अमोनियम क्लोराइडचं द्रावण आणि बाटलीत मिळणारे जिवाणू घालून अमोनिया 2 पीपीएमच्या आसपास आणायचा. रोज दोन मुलांनी तीन चाचण्या करायच्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. आधी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं, मग नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट वाढत राहतं. याला तीन ते सहा आठवडे लागतात. घातलेला अमोनिया 24 तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य आलं की टाकी चालू झाली. मासे सोडून त्यांच्या विष्ठेवर टाकी चालू करायची जुनी पद्धत शाळेत तरी नको. त्यात मासा अमोनियाने होरपळतो आणि मुलं ते बघत बसतात.

यानंतर काचेवर, वाळूवर तपकिरी थर येईल. ते डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल. मग हिरवं शेवाळ. शिक्षक इथे घाबरून सगळी टाकी धुवायला काढतात. धुवू नका. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, शेवाळ खाणाऱ्या चार-पाच गोगलगायी सोडा आणि थांबा.

आता कुठला प्रवाळ. मुलांना आधी एवढं कळायला हवं की प्रवाळ हा प्राणी आहे, जेलीफिश आणि समुद्रफुलाच्या संघातला. एकेक पॉलिप म्हणजे तोंड आणि भोवती दंशपेशींच्या शुंडा. त्याच्या ऊतींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं, ते प्रकाशात अन्न बनवतं आणि प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेचा फार मोठा वाटा, अनुकूल परिस्थितीत 90 टक्क्यांपर्यंत, तिथून येतो. खालच्या बाजूला प्राणी अ‍ॅरॅगोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा, सांगाडा रचत जातो. आपल्याला मोजायची आहे ती ही रचना. म्हणून सांगाडा घालणारा, लवकर वाढणारा आणि चुका सोसणारा प्रवाळ हवा: मॉन्टिपोरा डिजिटाटा. बोटांसारख्या फांद्या, महिन्याला काही मिलिमीटर वाढ. अ‍ॅक्रोपोरा दिसतो देखणा, पण पहिल्या वर्षाच्या टाकीत आणि शाळेत तो टिकवणं अवघड. टाकीला हालचाल हवी म्हणून एखादा मऊ प्रवाळही ठेवता येईल, पण मोजमापात तो घेऊ नका.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतो. झोअँथिड वर्गातले प्रवाळसदृश जीव, विशेषतः पॅलिथोआ, शाळेच्या टाकीत आणायचे नाहीत. दुकानात ते स्वस्त मिळतात, रंगीत असतात आणि "नवशिक्यांसाठी उत्तम" म्हणून विकले जातात. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. ते जखमेतून, डोळ्यांतून शरीरात जाऊ शकतं, आणि त्यांनी भरलेला खडक उकळत्या पाण्यात घातला तर वाफेतून श्वासात जातं. अशा वाफेमुळे घरंच्या घरं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत. विकत आणलेल्या खडकावर झोअँथिड दिसले तर खडक परत करा.

तुकडे टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचेच घ्या, समुद्रातून काढलेल्याचे नको. फ्लोरिडाच्या सहलीहून कोणी काही आणतो म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा, तिथेही ते बेकायदा आहे. जवळच्या छंदवाल्यांच्या मंडळाकडे विचारलंत तर शाळेचं नाव ऐकून कोणीतरी मूळ वसाहतीची एक मोठी फांदी देईल. आणि प्रयोगासाठी एकच फांदी हवी आहे! तिचे तुम्ही बारा तुकडे करणार, म्हणजे बाराही जनुकीयदृष्ट्या एकच. त्यांच्या वाढीत फरक पडला तर तो परिस्थितीमुळे, वंशामुळे नाही, असं मुलं ठामपणे म्हणू शकतील. नव्या फांदीला आयोडीनयुक्त किंवा प्रवाळासाठीच्या औषधी द्रावणात बुडवून घ्या, कारण मॉन्टिपोरा खाणाऱ्या इवल्याशा पांढऱ्या समुद्री गोगलगायी तिच्यावर असू शकतात. त्यांची अंडी मात्र या द्रावणाने मरत नाहीत. म्हणून फांदीचा बुडखा आणि जुना तळ कापून टाकून द्यायचा आणि दोन-तीन आठवडे भिंगाने खालची बाजू तपासत राहायचं.

तुकडे करणं मुलांना फार आवडतं. हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, आणि हाडं कापायची कात्री असते तशी कटर. दोन सेंटिमीटरचे तुकडे. कापल्यावर जो चिकट स्राव सुटतो तो टाकीच्या पाण्यात हलकेच धुवायचा, चिनीमातीच्या तळावर सायनोअ‍ॅक्रिलेट जेलचा, म्हणजे आपल्या साध्या सुपरग्लूचा, थेंब आणि त्यावर तुकडा. हा गोंद ओल्यावरही धरतो. आठवड्याभरात तुकड्याच्या पायाशी, गोंदाच्या कडेने, पातळ पांढुरकी झालर पसरायला लागते. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे पॉलिप उमटतात. मुलांना भिंगातून ही झालर दाखवा. फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड व्हॉन यांच्या हातून एका एल्कहॉर्न प्रवाळाचे चुकून बारीक तुकडे झाले आणि ते तुकडे अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने पसरताना दिसले. त्यातूनच सूक्ष्मतुकड्यांची पद्धत निघाली आणि आज तिने खरोखरच्या रीफवर प्रवाळ लावले जातात. तुमची मुलं त्याच प्रकारची गोष्ट बघत असतील.

प्रयोगाची मांडणी करताना बहुतेक शाळा एकच चूक करतात: दोन टाक्या लावतात, एकीत एक परिस्थिती, दुसरीत दुसरी, आणि प्रत्येकीत सहा तुकडे. मग सहा-सहा नमुने आहेत असं समजतात. तसं नसतं. दोन टाक्यांत इतर पन्नास गोष्टी वेगळ्या असू शकतात. खऱ्या अर्थाने तिथे नमुने दोनच, एकेक टाकी. परीक्षकांपैकी कोणी जाणकार असेल तर हाच प्रश्न विचारेल. त्यापेक्षा एकाच टाकीत, त्याच पाण्यात, बारा तुकडे एका जाळीवर ठेवा आणि त्यातल्या सहांवर, पाण्याच्या बऱ्यापैकी वर, प्रकाश साधारण निम्मा करणारी प्लॅस्टिकची जाळी धरा. पाण्यात धरली तर प्रवाहही बदलेल, म्हणून वर. कोणते सहा सावलीत जायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रश्न साधा: निम्म्या प्रकाशात सांगाडा किती हळू वाढतो? उत्तर "निम्म्याने" असेलच असं नाही, आणि तिथेच गंमत आहे.

तापमान वाढवून प्रवाळ पांढरे पाडायचा प्रयोग मुलं हमखास सुचवतील, कारण बातम्यांत तेच असतं. एप्रिल 2024 मध्ये चौथी जागतिक विरंजन घटना जाहीर झाली. माझं मत विचाराल तर शाळेने हा प्रयोग करू नये. निकाल आधीच माहीत आहे, आणि तेरा वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदा प्रवाळ हातात घेतला की त्याचा शेवट त्याला शिजवून व्हावा हे मला पटत नाही.

आता वाढ मोजायची कशी? फोटो काढा, पट्टी ठेवून, दर पंधरवड्याला. पण खरं मोजमाप वजनाचं. प्रवाळ हवेत काढून तोलला तर अंगावरचं पाणी आणि स्राव दर वेळी वेगळा, आकड्याला अर्थ उरत नाही. म्हणून तो पाण्यातच तोलायचा. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा एका फळीवर ठेवा, फळीला भोक, काट्याच्या खालच्या हुकाला नायलॉनचा दोरा, दोऱ्याला छोटी टोपली, आणि ती खाली टाकीच्याच पाण्याने भरलेल्या भांड्यात पूर्ण बुडालेली. आर्किमिडीजचं तत्त्व शाळेच्या पुस्तकात आहेच. प्रवाळाच्या मऊ ऊतींची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे पाण्यात त्यांचं वजन जवळजवळ लागत नाही. लागतं ते सांगाड्याचं. अ‍ॅरॅगोनाइटची घनता घन सेंटिमीटरला 2.93 ग्रॅम, समुद्राच्या पाण्याची 1.025. 1.025 ला 2.93 ने भागून आलेला आकडा 1 मधून वजा केला की 0.65 मिळतो. पाण्यातल्या वजनाला 0.65 ने भागलं की सांगाड्याचं खरं वस्तुमान. पाण्यातलं वजन महिन्यात 0.13 ग्रॅमने वाढलं तर सांगाड्यात 0.20 ग्रॅमची भर पडली. तुकडा चिकटवायच्या आधी चिनीमातीचा तळही पाण्यात तोलून त्याचा आकडा लिहून ठेवा, तो वजा करायचाय. आणि दर वेळी पाण्याचं तापमान आणि क्षारता तीच ठेवा. क्षारता 35 ची 33 झाली तर 10 ग्रॅमच्या सांगाड्याचं पाण्यातलं वजन सुमारे 0.005 ग्रॅमने वेगळं लागतं. महिन्याच्या वाढीपुढे ते थोडं आहे, पण दर आठवड्याला तोलायला लागलात तर त्रास देईल.

दुसरं मोजमाप अल्कलिनिटीचं, म्हणजे आम्ल पचवायच्या पाण्याच्या ताकदीचं, आणि मला हे सगळ्यांत सुंदर वाटतं. सांगाडा घालताना प्रवाळ पाण्यातला कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतो, म्हणून पाण्याची अल्कलिनिटी उतरते. ती मोजायची चाचणी म्हणजे साधं टायट्रेशन: पाच मिलिलिटर पाणी, त्यात दर्शक, मग थेंब थेंब आम्ल, निळा रंग पिवळा झाला की थांबायचं आणि थेंब मोजायचे. आकडा डीकेएच या एककात येतो. नैसर्गिक समुद्रात तो 7 च्या आसपास असतो, टाकीत 8 ते 9 ठेवायचा. कॅल्शियम 400 ते 450 मिलिग्रॅम प्रतिलिटर, मॅग्नेशियम 1,300 च्या आसपास. एक डीकेएच म्हणजे लिटरला 17.9 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे तुमच्या 75 लिटरच्या टाकीत काही न घालता अल्कलिनिटी 1 ने उतरली तर पाण्यातून सुमारे 1.3 ग्रॅम चुनखडी घट्ट झाली. (खडक आणि उपकरणांनी व्यापलेली जागा वजा करून प्रत्यक्ष पाणी किती आहे ते टाकी भरतानाच बादल्यांनी मोजून ठेवा.) हा आकडा काट्याच्या आकड्याशी जुळतो का? पूर्ण जुळणार नाही, कारण काचेवरचं गुलाबी चुनायुक्त शैवाल आणि गोगलगायीही त्याच पाण्यातून चुना उचलतात आणि नायट्रेट तयार होतानाही थोडी अल्कलिनिटी खर्च होते. फरक कुठे गेला याचा शोध घेणं हे आठवीच्या मुलांना झेपणारं आणि खरं विज्ञान आहे.

उतरलेली अल्कलिनिटी भरून काढायला महागड्या बाटल्या लागत नाहीत. 75 लिटरला 1 डीकेएच चढवायला सुमारे सव्वादोन ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो, गोड्या पाण्यात विरघळवून, पंपाच्या प्रवाहात हळूहळू. दिवसात एकापेक्षा जास्त चढवू नका. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड, वेगळ्या वेळी. मोठे छंदवाले चुन्याची निवळी वापरतात, त्यातून दोन्ही एकदम मिळतं, पण तिचा सामू 12 च्या वर असतो. मुलांच्या हाताला ती लागता कामा नये, आणि एवढ्या लहान टाकीला तिची गरजही नाही.

सामूवरून आठवलं. शाळेच्या टाकीत एक गोष्ट घडते जी घरच्या टाकीत इतकी ठळक दिसत नाही. दिवे लागले की शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरतं आणि दुपारपर्यंत सामू चढायला हवा. पण बंद खिडक्यांच्या वर्गात तीस मुलं श्वास सोडत असतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि सामू दुपारी उलट खाली येतो. सकाळी आठला आणि दुपारी दोनला सामू मोजा, आणि रविवारी कोणी जाऊ शकत असेल तर तेव्हाही. महासागराचं आम्लीकरण म्हणजे काय ते या तीन आकड्यांत वर्गाला कळेल. उपाय म्हणजे हवेच्या पंपाची नळी खिडकीबाहेर काढायची.

बाकी सामान फार नाही. 25 अंशांवर ठेवणारा हीटर आणि वेगळा नियंत्रक, कारण हीटर चालूच राहून टाकी शिजणं ही नेहमीची दुर्घटना. टाकीच्या आकारमानाच्या वीसपट तरी पाणी तासाला फिरवणारे दोन छोटे पंप, एकमेकांकडे तोंड करून. निळसर पांढरा एलईडी, टायमरवर, आठ-नऊ तास. आणि आपोआप पाणी भरणारं यंत्र, जे शाळेत चैन नाही, गरजच आहे. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हीटिंगमुळे वर्गाची हवा कोरडी असते, 75 लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर सहज उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. शुक्रवारी दुपारी 35 असलेली क्षारता सोमवारी सकाळी 37 च्या वर गेलेली असेल. भरायचं ते गोडं पाणी. खारं पाणी भरणारा कोणीतरी असतोच, म्हणून भरायच्या टाकीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. बर्फवादळात वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. आणि शाळेच्या सफाई कर्मचाऱ्यांशी पहिल्याच दिवशी बोला. टाकीजवळ काच पुसायचा अमोनियाचा फवारा मारायचा नाही आणि प्लग काढायचा नाही, हे त्यांना कोणीतरी नीट सांगायला हवं. अशी माणसं पुढे टाकीची सगळ्यांत चांगली राखणदार होतात.

आता रत्नागिरी. तिथे टाकी नको, समुद्रच शेजारी आहे. रत्नागिरीच्या खडपांत, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या डबक्यांत, पोरायटीससारख्या कठीण प्रवाळाचे लहान गोळे आणि थर सापडतात. गढूळ पाणी, पावसाळ्यात खाली येणारी क्षारता, उन्हात तापणारं डबकं हे सगळं सोसून ते जगतात, त्यामुळे अभ्यासाला ते लक्षद्वीपच्या प्रवाळांइतकेच मोलाचे आहेत. पहिलं काम: ऑक्टोबर ते मे, महिन्यातून दोनदा, अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला तीन-चार ठरलेल्या डबक्यांशी जायचं. आपल्या किनाऱ्यावर ही खोल ओहोटी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी येते. सकाळची धरा, शाळेच्या आधी होतं. भरतीचं कोष्टक आणि एक स्थानिक मच्छीमार सोबत हवाच. खुणेसाठी खडकात खिळे ठोकायचे नाहीत, शेजारच्या खडकांच्या आकारांवरून जागा ओळखायच्या आणि 25 सेंटिमीटरची पीव्हीसीची चौकट ठेवून फोटो घ्यायचा. पाण्याचं तापमान, क्षारता, सामू आणि अल्कलिनिटी नोंदवायची, त्याच टायट्रेशनच्या किटने. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच उपक्रमाचं जलरोधक रंगपत्रक मागवा. प्रवाळाचा रंग त्यावर जुळवून 1 ते 6 असा आकडा देता येतो. ते घरी छापू नका, रंग बदलतात. न्यू जर्सीच्या टाकीतही तेच पत्रक वापरलं की दोन्हीकडचे आकडे एका कोष्टकात बसतील.

मुलांना हात लावू देऊ नका, आणि हे प्रवाळासाठी आहे तितकंच मुलांसाठीही. कोकणच्या खडपांवर झोअँथिडचे गालिचेच्या गालिचे असतात, हिरवट-तपकिरी, बटणांसारखे. वर सांगितलेलं विष त्यांच्यातही असू शकतं. पायात बूट, हातावर जखम असेल तर पाण्यात हात नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात जायचा बेत असेल तर आधी वन विभागाला विचारा. पाण्यातल्या जिवांची नावं ओळखायला अडलं तर रत्नागिरीतच कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. मुलांना घेऊन तिथलं मत्स्यालय तर बघाच.

दुसरं काम म्हणजे ते, जे न्यू जर्सीला जमणार नाही. 0.65 या आकड्यावर तिकडच्या मुलांनी विश्वास ठेवायचा, कारण प्रवाळ मारल्याशिवाय त्यांना सांगाडा हवेत तोलता येत नाही. पण तिसऱ्यांची शिंपही अ‍ॅरॅगोनाइटचीच असते, आणि रत्नागिरीत तिसऱ्या घरोघरी शिजतात. शिंपा स्वच्छ घासून वाळवायच्या, हवेत तोलायच्या, मग त्याच दोरा-टोपलीच्या काट्यावर समुद्राच्या पाण्यात तोलायच्या, हवेचे बुडबुडे चिकटले नाहीत ना बघून. पाण्यातलं वजन भागिले हवेतलं वजन. तीस शिंपांचा आलेख काढला की रेषेचा चढ 0.65 च्या जवळ यायला हवा. तो थोडा कमी येईल, कारण शिंपेत खनिजाबरोबर थोडे सेंद्रिय पदार्थही असतात आणि तिची घनता शुद्ध अ‍ॅरॅगोनाइटपेक्षा जरा कमी. किती कमी, ते मुलांनी तिकडे कळवायचं. म्हणजे न्यू जर्सीच्या मोजमापाची पद्धत रत्नागिरीत तपासली जाईल.

त्याच शिंपांवर आम्लीकरणाचा प्रयोगही होतो, कुठल्याही जिवाला न दुखवता. एका बरणीत साधं समुद्राचं पाणी, दुसरीत त्याच पाण्यात रोज व्हिनेगर आणि सोड्यापासून निघालेला कार्बन डायऑक्साइड नळीने सोडलेला. व्हिनेगर स्वतः पाण्यात जाता कामा नये, फक्त वायू. दर आठवड्याला सामू आणि शिंपेचं पाण्यातलं वजन. प्रत्येकी एकच बरणी ठेवू नका, निदान चार-चार ठेवा. वर टाक्यांबद्दल जे सांगितलं तेच इथेही लागू.

राहिली जूनची सुट्टी, जिचा विचार सप्टेंबरात व्हायला हवा. अमेरिकेत शाळा दहा आठवडे बंद, वर्गाचं एअर कंडिशनिंगही बंद. ज्या छंदवाल्याने फांदी दिली त्याच्याशी आधीच ठरवून ठेवा की जूनच्या पहिल्या आठवड्यात बाराही तुकडे त्याच्या टाकीत जातील आणि सप्टेंबरात त्यातले काही परत येतील. मुलांना एकेक तुकडा घरी वाटायचा नाही. घरच्या साध्या माशांच्या टाकीत तो आठवडाभरही टिकणार नाही. आणि टाकीतलं काहीही, पाणीसुद्धा, समुद्रात किंवा खाडीत ओतायचं नाही. व्हेनेझुएलाच्या मोचिमा भागात मत्स्यालयांच्या व्यापारातून सुटलेला युनोमिया नावाचा एक मऊ प्रवाळ स्थानिक रीफवर पसरून तिथल्या प्रवाळांना झाकत गेलाय. टाकीचं पाणी सिंकमध्ये, सुके खडक खोक्यात, आणि वह्या पुढच्या वर्षीच्या आठवीला.